मानसशास्त्र संशोधन पद्धतींचा मराठी ऑनलाइन कोर्स: मॅडमचा भाग घ्याच, सरांचा जरा जपून

पुण्यातल्या एका क्लासचा मानसशास्त्राच्या संशोधन पद्धती आणि मूलभूत संकल्पना असा रेकॉर्डेड कोर्स आहे, पूर्ण मराठीत, त्याचा हा रिव्ह्यू. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाहीये, ज्यांनी केलाय त्यांना वर्णनावरून कळेलच. फी अडीच हजाराच्या आत, सहा महिने व्हॅलिडिटी, रविवारी सकाळी लाइव्ह डाऊट सेशन, पीडीएफ नोट्स. माझं रेटिंग ५ पैकी साडेतीन.

मी चाकणला एका कंपनीत एचआरला आहे आणि नोकरी सांभाळून बाहेरून एमए करतेय. रिसर्च मेथड्सचा पेपर म्हटलं की आमच्या बॅचमध्ये सगळ्यांची तोंडं उतरतात, कारण इंग्रजी पुस्तकं उशीएवढी जाड आणि मराठी गाइडं उघडली की व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, दोष, संपलं. निरीक्षण पद्धतीचे गुण पाठ करून लिहिता येतात पण उद्या कुणी म्हणालं की बाई जा आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलांचं निरीक्षण करून ये तर नक्की काय मोजायचं, किती वेळ बघायचं, भांडण म्हणजे नक्की कशाला भांडण म्हणायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा कोर्स घेतला.

दोघं शिकवतात. पहिला अर्धा भाग मॅडमचा, म्हणजे संशोधनाचे प्रकार, परिकल्पना (तपासून बघायचा अंदाज), व्हेरिएबल (चल, म्हणजे बदलू शकणारी गोष्ट), नमुना, प्रयोग, सहसंबंध, सर्व्हे, केस स्टडी, नीतिमत्ता. दुसरा अर्धा सरांचा, त्यात आकडेशास्त्र आणि मग 'मानसशास्त्रातले गाजलेले प्रयोग' नावाची लांबलचक सिरीज. मॅडमच्या भागाला मी डोळे झाकून ५ देईन.

मॅडम सुरुवातच लाइपझिग, १८७९, विल्हेल्म वुंटची पहिली मानसशास्त्र प्रयोगशाळा इथून करतात तेव्हा मला वाटलं झालं, परत तेच, पण त्यांनी ते दोन मिनिटांत उरकलं आणि लगेच कोलकात्याला आल्या. आपल्याकडची पहिली प्रयोगशाळा कोलकाता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी उभी केली, १९१५-१६ च्या सुमारास, आणि ते हार्वर्डला ह्यूगो मुन्स्टरबर्गकडे शिकून आले होते. मुन्स्टरबर्ग हा वुंटचाच चेला, म्हणजे लाइपझिग ते कोलकाता अशी सरळ गुरुपरंपरा लागते. आमच्या गाइडमध्ये ही एक ओळ असती तर वुंट एवढा परका वाटला नसता.

पण खरा कस लागतो प्रयोग शिकवताना. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग मॅडमनी एका पूर्ण लेक्चरमध्ये उलगडलाय, घाई अजिबात नाही. ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि मग विचारलं की गाड्या एकमेकींना अमुक झाल्या तेव्हा वेग साधारण किती होता. फक्त ते क्रियापद गटागटाला वेगळं. कुणाला 'आदळून चक्काचूर झाल्या', कुणाला 'धडकल्या', कुणाला नुसतं 'टेकल्या'. चक्काचूरवाल्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या थोडा वर सांगितला, टेकल्यावाल्यांनी ३१.८. फिल्म सगळ्यांना त्याच! इथे मॅडम व्हिडिओ थांबवतात आणि सांगतात की आता वहीत लिहा, यात बदलणारा व्हेरिएबल कुठला, मोजलेला कुठला, आणि काय काय सारखं ठेवलंय. मग पुढे जातात. एवढ्या साध्या गोष्टीने स्वतंत्र आणि आश्रित चल हे प्रकरण डोक्यात जे बसतं ते बसतंच.

त्याचाच दुसरा भाग तर अजून भारी आहे. दुसऱ्या १५० जणांना एक फिल्म दाखवली, तिघांत वाटणी केली, पन्नास जणांना चक्काचूरवाला प्रश्न, पन्नास जणांना साधा 'धडकल्या'वाला, आणि उरलेल्या पन्नास जणांना वेगाचं काही विचारलंच नाही. एका आठवड्याने सगळ्यांना परत बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. चक्काचूरवाल्यांतले १६ जण हो म्हणाले, धडकल्यावाल्यांतले ७, आणि ज्यांना काहीच विचारलं नव्हतं त्यांच्यातले ६. आता तो तिसरा गट कशाला हवा होता, असं मॅडम विचारतात, आणि कंट्रोल ग्रुप म्हणजे काय हे व्याख्या न सांगता कळून जातं, कारण तो सहाचा आकडा नसता तर साध्या प्रश्नानेही काच 'दिसायला' लागली की माणसं अशीही थोडीफार हो म्हणतातच, हे ठरवता आलं नसतं. आणि एवढं कौतुक करून झाल्यावर शेवटी त्या त्याच प्रयोगाच्या खोड्या काढतात, की सगळे कॉलेजातले विद्यार्थी, खऱ्या अपघातात असते ती भीती नाही, गर्दी नाही, पोलीस नाही, आणि पहिल्या भागात वेग खरंच तसा आठवला की प्रश्नातल्या शब्दावरून अंदाजाने आकडा ठोकून दिला हे सांगता येत नाही. मला हे फार आवडलं. प्रयोग आवडणं आणि प्रयोगावर शंका घेणं एकाच दमात.

यादृच्छिक (रँडम, चिठ्ठी टाकल्यासारखा) नमुना आणि यादृच्छिक विभागणी या दोन गोष्टींचा लोक कायम घोळ घालतात, आमच्या बॅचमधले अर्धेअधिक घालतात. मॅडमचं स्पष्टीकरण असं, की पहिल्यात तुम्ही लोकांमधून माणसं कशी उचलता हा प्रश्न असतो, त्यावर ठरतं की निष्कर्ष बाकीच्यांना लागू होईल का. दुसऱ्यात, उचललेल्या माणसांना कुठल्या गटात टाकता हा प्रश्न, आणि त्यावर ठरतं की 'यामुळे ते झालं' असं म्हणायची परवानगी तुम्हाला आहे का. क्लासला जाणाऱ्या मुलांना जास्त मार्क पडतात हे खरं असेल, पण क्लासला कोण जातं ते मुलांच्या घरची परिस्थिती ठरवते, चिठ्ठी टाकून कुणी जात नाही, त्यामुळे मार्क क्लासमुळे की घरामुळे हे सांगता येत नाही. स्वतः क्लास चालवणाऱ्या बाईंनी हे उदाहरण घ्यावं याला हिंमत लागते राव.

चतुर हान्सचं लेक्चर मी घरच्यांना बसवून दाखवलं. बर्लिनमधला घोडा, फॉन ऑस्टेन नावाचा मालक, गणितं विचारली की खूर आपटून उत्तर द्यायचा, तज्ज्ञांची समिती आली आणि तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कार फुंग्स्टने १९०७ मध्ये साध्या पद्धतीने तपासलं, विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असं करून बघितलं, घोड्याला विचारणारा दिसणार नाही असं करून बघितलं, आणि दोन्ही वेळा घोड्याचं गणित कोसळलं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा ते टिपायचा. लबाडी कुणाचीच नव्हती. इथून मॅडम सरळ रॉबर्ट रोझेंथालच्या उंदरांवर येतात, विद्यार्थ्यांना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार जातीचे, तुमचे मठ्ठ, खरं तर वाटणी आपली अशीच केलेली, तरी हुशार म्हणून दिलेले उंदीर भुलभुलैयात जास्त चांगले ठरले. डबल ब्लाइंड, म्हणजे कोण कुठल्या गटात ते ना भाग घेणाऱ्याला माहीत ना मोजणाऱ्याला, हे कशाला हवं यावर यानंतर वेगळी टीप लिहायची गरज उरत नाही.

सर्व्हेचा भाग माझ्या नोकरीमुळे मी जरा जास्तच कान देऊन ऐकला. लिकर्टची पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच पायऱ्यांची स्केल (१९३२ पासून आहे ही), दुहेरी प्रश्न, उत्तर सुचवणारे प्रश्न, आणि लोक स्वतःला चांगलं दाखवायला कशी उत्तरं देतात ते. आमच्या कंपनीत वर्षातून एकदा एका एजन्सीकडून समाधान सर्व्हे येतो, त्यात 'माझे वरिष्ठ मला मदत करतात आणि माझं म्हणणं ऐकतात, सहमत की असहमत' असला प्रश्न असतो. आता मदत करतो पण ऐकत नाही अशा साहेबाचं काय करायचं? आणि वर एम्प्लॉयी आयडी टाकल्याशिवाय फॉर्म सबमिट होत नाही. मग सगळ्यांचे सगळे समाधानी निघतात आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये वेगळंच ऐकू येतं. या लेक्चरनंतर मी त्या फॉर्मवर लाल पेनने खुणा करून एजन्सीला पाठवल्या, उत्तर अजून यायचंय.

विश्वसनीयता आणि वैधतेला सगळीकडे ते वजनकाट्याचं उदाहरण देतात, ते ऐकून ऐकून कंटाळा आलेला. मॅडमनी इथे बुद्धिमापन घेतलं. बिने आणि सिमॉनची मूळ चाचणी १९०५ ची, पॅरिसच्या मुलांसाठी. तिचा नुसता अनुवाद करून धारवाडच्या किंवा पुण्याच्या पोराला दिला तर चालेल का? व्ही. व्ही. कामत यांनी तिची मराठी आणि कन्नड मुलांसाठी आवृत्ती तयार केली तेव्हा इथल्या मुलांवर घेऊन, कुठला प्रश्न कुठल्या वयाला बसतो हे नव्याने ठरवावं लागलं. दोनदा घेतल्यावर तोच आकडा आला तर चाचणी विश्वसनीय, पण तो आकडा बुद्धीचाच आहे की मुलाला शहरी वस्तू ओळखता येतात का याचा आहे, हा वैधतेचा प्रश्न. वर्षानुवर्षं तोच चुकीचा आकडा देणारी चाचणी विश्वसनीय असू शकते हे इतकं स्वच्छ मी कुठे ऐकलं नव्हतं.

नीतिमत्तेचं लेक्चर छोटं आहे पण नीट आहे. वॉटसन आणि रेनरचा १९२० चा लहानगा अल्बर्ट, तान्ह्या पोराला मुद्दाम घाबरवलं आणि ती भीती काढून न टाकताच प्रकरण संपवलं, तिथून माहितीपूर्ण संमती, मध्येच उठून जायचा हक्क, प्रयोग झाल्यावर खरं काय ते सांगणं, आणि आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत. बस.

आता सर.

सरांचा आवाज चांगला, फळ्यावरचं अक्षर सुंदर, स्वभाव गमत्या. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन हे ठीकठाक. पण पी-व्हॅल्यूला येऊन गाडी रुळावरून घसरते. सर सांगतात की पी ०.०५ पेक्षा कमी आला म्हणजे तुमची परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९५ टक्के. हे चूक आहे, आणि बारीकसारीक चूक नाहीये. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते की समजा खरंच काही फरक नाहीच असं धरलं, तर मला मिळाला एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता किती. परिकल्पना खरी असण्याची शक्यता किती हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या एका आकड्यात नसतं. गंमत म्हणजे लगेच पुढच्या व्हिडिओत पहिल्या प्रकारची आणि दुसऱ्या प्रकारची चूक सर एकदम बरोबर शिकवतात, म्हणजे नसलेला फरक दिसणं आणि असलेला न दिसणं. मी डाऊट सेशनला पी-व्हॅल्यूचं विचारलं तर सर म्हणाले पर्याय बघून उत्तर द्या, खोलात जाऊ नका. सगळी उदाहरणं परत एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरवर, ज्याचं लायसन्स आमच्यासारख्या बाहेरून करणाऱ्यांना कुठून परवडणार, आणि अॅमस्टरडॅम विद्यापीठातून आलेलं जास्प किंवा मग जमोवी ही दोन्ही फुकट असून त्यांचं नावही नाही.

पण माझा खरा राग गाजलेल्या प्रयोगांच्या सिरीजवर आहे. पहिल्या अर्ध्यात मॅडमनी जे जे शिकवलं, नमुना बघा, कंट्रोल गट बघा, प्रयोग करणाऱ्याच्या अपेक्षा बघा, ते सगळं सरांच्या सिरीजमध्ये कुणीतरी खुंटीला टांगून ठेवलंय. एकामागून एक गोष्टी, कीर्तनासारख्या रंगवून.

स्टॅनफर्डचा तुरुंग घ्या. ऑगस्ट १९७१, विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग, विद्यार्थ्यांतलेच काही रक्षक आणि काही कैदी, रोजचे १५ डॉलर, दोन आठवडे चालायचा होता तो सहा दिवसांत बंद करावा लागला, रक्षक क्रूर झाले, म्हणजे परिस्थिती माणसाला राक्षस बनवते. सरांचं इथे संपतं. मॅडमची विद्यार्थिनी म्हणून मी विचारणार ना की तुलनेला दुसरा गट कुठे होता? प्रयोग करणारा झिंबार्डो स्वतःच तुरुंगाचा अधीक्षक बनून बसला होता ते चालतं का? आणि आता तर त्या वेळच्या रेकॉर्डिंगा बाहेर आल्यात, त्यात वॉर्डन झालेला मुलगा एका मऊ रक्षकाला जरा कडक हो म्हणून समजावताना ऐकू येतो. म्हणजे रक्षक आपोआप बिघडले हे कथानकच डळमळीत. पुढे ब्रिटनमध्ये हॅस्लम आणि रायकर यांनी बीबीसीबरोबर तसाच तुरुंग मांडला तर तिथल्या रक्षकांना धड एकी करता येईना. चतुर हान्सचं लेक्चर याच कोर्समध्ये आहे हो, सरांनी बघितलं असतं तरी चाललं असतं.

किटी जेनोवीजचंही तेच. न्यूयॉर्क, १९६४, ३८ जण खिडकीतून तिचा खून बघत उभे राहिले आणि कुणी फोन केला नाही असं सर सांगतात. ती बातमी छापणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनेच २०१६ मध्ये कबूल केलं की साक्षीदारांची संख्या आणि त्यांनी काय पाहिलं हे फुगवून आलं होतं. पण वाईट याचं वाटतं की यातला जो भाग खरोखर मजबूत आहे तो सर एका वाक्यात उडवतात, डार्ली आणि लटाने यांचा १९६८ चा प्रयोग. इंटरकॉमवर पलीकडच्या माणसाला झटका आल्यासारखं ऐकू येतं, आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांतले ८५ टक्के त्याचं बोलणं तुटायच्या आत मदतीला उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले फक्त ३१ टक्के. यात गट आहेत, विभागणी आहे, मोजमाप आहे. शिकवायचं होतं ते हे.

मिलग्रॅमला (हुकूम मिळाला म्हणून माणसं दुसऱ्याला विजेचे झटके देत कुठवर जातात हा प्रयोग, झटके खोटे) सर जरा बरे आहेत, ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले हे सांगतात. मात्र हा एका मांडणीचा आकडा आहे, मिलग्रॅमने मांडण्या बदलून बदलून पाहिल्या आणि हुकूम देणारा खोलीतून उठून फोनवर गेला की शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचातला एक उरले, हे सांगत नाहीत. मार्शमॅलोवाल्या (एक गोळी आत्ता की थोडं थांबून दोन) प्रयोगावर तर पालकांसाठी प्रवचनच आहे, की जे पोर थांबलं ते आयुष्यात पुढे गेलं. मूळ मुलं स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीतली. २०१८ मध्ये नऊशेच्या वर मुलांवर परत बघितलं तेव्हा संबंध निम्म्यावर आला आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर आणखी बराच पातळ झाला. मॅडमचं क्लास आणि मार्कांचं उदाहरण आठवा, शब्दशः तेच.

२०१५ चा तो मोठा उद्योग, १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, मूळ अभ्यासांतले ९७ टक्के सिग्निफिकंट (म्हणजे पी ०.०५ च्या खाली) होते आणि पुन्हा केल्यावर ३६ टक्केच निघाले, याचा पूर्ण कोर्समध्ये उल्लेख नाही. पुन्हा न जमणं म्हणजे मूळ खोटंच असं नाही हे मला कळतं, नमुना वेगळा असतो, परिस्थिती वेगळी असते, पण संशोधन पद्धतींचा कोर्स म्हणवता आणि गेल्या काही वर्षांत या विषयात झालेली सगळ्यात मोठी उलथापालथ गाळता? मग आधीच नोंदणी करून परिकल्पना जाहीर करणं, डेटा खुला ठेवणं, हे आता लोक का करतात ते पोरांना कसं कळणार? तसंच आर्नेटने २००८ मध्ये मोजलेलं, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा जर्नलांमधले ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले. धारवाड-पुण्याच्या मुलांची गोष्ट ज्या कोर्समध्ये इतकी छान आहे तिथे हे येऊ नये?

मी हे सगळं एका रविवारी डाऊट सेशनला विचारलं, नीट शब्दांत. सर हसून म्हणाले, ताई, सेटला स्टॅनफर्डचं साल विचारतात, तुरुंग खरा होता का ते विचारत नाहीत. चॅटमध्ये बऱ्याच जणांनी हसायचे इमोजी टाकले. परीक्षेच्या दृष्टीने त्यांचं बरोबर असेलही. मॅडम त्या सेशनला नव्हत्या, त्यांचं मत ऐकायला आवडलं असतं.

बाकी किरकोळ. अॅप मोबाइलवर बरं चालतं, लॅपटॉपवर व्हिडिओ सारखा लॉगआउट करतो. स्पीड दीडपट करता येतो, सरांसाठी करा, मॅडमसाठी नको, त्या मुद्दाम थांबतात त्यातच मजा आहे. टेलिग्राम ग्रुपवर शंकेला उत्तर येतं पण ते दुसरा विद्यार्थीच देतो. सराव प्रश्नांत मॅडमच्या भागाचे प्रश्न विचार करायला लावणारे, सरांच्या भागाचे साल आणि नावं जुळवा.

ज्यांना एमएचा पेपर समजून लिहायचाय किंवा स्वतःचं छोटं प्रोजेक्ट करायचंय त्यांनी घ्या. पहिला अर्धा भाग वेगळा मिळतो का ते फोन करून विचारा, माझ्या वेळी मिळत नव्हता पण आता मिळतो असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलेलं. नुसती सेट-नेट काढायची असेल तर सरांचाही भाग चालेल, फक्त पी-व्हॅल्यू दुसरीकडून शिका. आणि छापील नोट्स मागवू नका, कुरिअरचे वेगळे पैसे घेतात आणि आत तीच पीडीएफ ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, आलेखांच्या रेघा कुठल्या कुठल्या ते ओळखू येत नाही.